उलट्या नदीचा तिसरा भाग

मी एक जुनं पुस्तक आहे असं म्हणालो, तर ती थोडी बढाई होईल, मित्रांनो. मी एका जुन्या पुस्तकाचा तिसरा भाग आहे. माझं पहिलं पान दोनशे पाचवं आहे, आणि माझं पहिलं वाक्य आहे, ‘म्हणून निळाने मागे वळून पाहिले नाही.’ आता मला सांगा, ही निळा कोण? ती कुठून निघाली होती? आणि ‘म्हणून’ म्हणजे कशामुळे? तुम्हांला हसू येईल, पण सात वर्षं हे माझं मलाच माहीत नव्हतं. पुस्तकाला आपल्या अंगावरची अक्षरं तेवढी पाठ असतात. बाकी जे कोणी मोठ्यानं बोलेल, तेवढंच त्याच्या कानावर पडतं. त्यामुळे मी जन्माचा चौकशीखोर झालो.

माझा जन्म १९७१ साली पुण्याच्या एका छापखान्यात झाला. तेव्हा मी धडधाकट होतो, तीनशे पानांची अख्खी कादंबरी. पण त्या दिवसांतलं मला काही आठवत नाही, जसं तुम्हांला पाळण्यातलं आठवत नाही. आमचं नाव ‘उलट्या नदीचे राज्य’, आणि लेखक धर्मराज पाखरे. आज हे नाव तुमच्या कानावर नसेल. त्या काळी मात्र पाखऱ्यांची अद्भुत कादंबरी आली की वाचनालयांत झुंबड उडायची. तीसेक कादंबऱ्या त्यांच्या, दिवाळी अंकांतल्या कथा वेगळ्याच. एका कादंबरीत एक डोंगर बोलायचा आणि बोलायचा ते सगळं खोटं. एका कथेत एक म्हातारी धुकं जात्यात घालून दळायची. शहाणी माणसं म्हणायची, असल्या भाकडकथांनी पोरं बिघडतात. हीच शहाणी माणसं दुपारी दार लोटून त्याच कथा वाचत बसायची, हे मी माझ्या शेजारच्या कथासंग्रहाकडून ऐकलंय.

मी आलो भोकरदनला. बाजारात एका धान्याच्या दुकानावरच्या खोलीत वाचनालय होतं आणि तिथे काकासाहेब नावाचे ग्रंथपाल होते. माणूस शिस्तीचा. पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर, वर आपल्या हातानं लिहिलेली चिठ्ठी, आणि पानोपानी शिक्का. त्यांच्यापुढे अडचण उभी राहिली. पाखऱ्यांच्या नव्या कादंबरीची प्रत एक आणि मागणारे चाळीस. एकेक जण पंधरा पंधरा दिवस पुस्तक ठेवणार. मग चाळिसाव्या माणसाचा नंबर लागायचा कधी? काकासाहेबांनी दाढीचं पातं घेतलं, माझी पाठ उसवली आणि माझे तीन भाग केले. त्या काळी पुष्कळ वाचनालयांत असंच करायचे, म्हणजे तिघांना एकदम वाचता यायचं. प्रत्येक भागाला पुठ्ठा लावला, मैद्याच्या खळीनं कागद चिकटवला. माझं वेगळं आयुष्य त्या दिवशी सुरू झालं.

आणि त्याच दिवशी ते बिघडलंही. झालं असं की, शेतकी खात्याकडून ‘ज्वारीवरील कीड व रोग’ या पुस्तकाच्या दहा प्रती त्याच दुपारी आल्या होत्या. काकासाहेब त्यांनाही कव्हरं घालत होते. मी त्यांच्याच जाडीचा, कागद तोच खाकी, खळ ओली. दहा चिठ्ठ्या लिहून तयार होत्या, त्यांतली एक माझ्या पोटावर येऊन बसली. शेवटी ज्वारीची एक प्रत चिठ्ठीविना उरली, तेव्हा काकासाहेब म्हणाले, ‘अकरा आल्या असतील,’ आणि ती त्यांनी समोरून जाणाऱ्या एका शेतकऱ्याला देऊन टाकली. आमच्या तिसऱ्या भागासाठी मात्र त्यांनी सगळं वाचनालय पालथं घातलं. शेती विभागाचं कपाट तेवढं उघडलं नाही. ते कपाट कोणीच उघडत नसे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं.

आता जे सांगतो ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, नंतर कानांनी ऐकलेलं आहे. पण ते आधीच सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हांला कळायचं नाही.

१९७२ चा दुष्काळ पडला. केळना नदीचं पात्र ठणठणीत कोरडं झालं. भोकरदनपासून तीन कोसांवरच्या एका खेड्यात पाझर तलावाचं आणि रस्त्याचं काम निघालं. गावातल्या बाया खडी फोडायला जायच्या. दुपारी खायला सरकारी सुकडी मिळायची, संध्याकाळी मुकादम ज्याचा त्याचा ढीग मापून घ्यायचा. त्या बायांत सत्यशीला होती. वय बावीस, सातवी पास, तीन महिन्यांची पोर बाभळीच्या फांदीला झोळीत टांगलेली. हातोडा काही तिला पेलत नव्हता. तिचा नवरा संपत भोकरदनच्या वाचनालयाचा सभासद होता. त्यानं आमचा पहिला भाग आणला होता आणि सत्यशीला सुकडीच्या सुट्टीत तो वाचत बसायची.

शेजारी चतुराबाई खडी फोडायची. साठीला टेकलेली, एकटी बाई, जीभ तिखट. ती एक दिवस म्हणाली, “काय वाचून राह्यली ग एवढं? जरा मोठ्यानं वाच की. आमाला काय कान न्हाईत?”

सत्यशीलानं वाचलं. सुट्टी संपली तरी बाया तिला उठू देईनात. शेवटी चतुराबाईनंच तोड काढली. “तू वाच. तुझ्या वाटची खडी आमी फोडतो. एकेकीनं दोन दोन घमेले टाकले की झाला तुझा ढीग.”

असं ठरलं आणि तसंच चाललं. मुकादम कुरकुरला, पण ढीग बरोबर भरत होता, त्याला काय बोलणार? पंधरा दिवसांत पहिला भाग संपला, पुढच्या पंधरांत दुसरा. दुसऱ्या भागाच्या शेवटी निळा उलट्या नदीच्या उगमाच्या वाटेला लागते. या नदीचं पाणी जो पितो त्याचा आवाज जातो, आणि गेलेले सगळे आवाज वरच्या राजानं बंद करून ठेवलेत. आता पुढे काय? तर संपत रिकाम्या हातानं परत आला. तिसरा भाग हरवलाय म्हणाला.

बायांचे चेहरे उतरले. सत्यशीलानं झोळीकडे पाहिलं, आपल्या हातांवरच्या फोडांकडे पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, “तिसरा भाग म्या वाचेल हाय. आधीच वाचल्ता. ध्यानात हाय समदा. सांगते.”

मित्रांनो, तिनं मला पाहिलंसुद्धा नव्हतं. मी कपाटात ज्वारीच्या किडीत बसलो होतो.

ती सांगत गेली. म्हणाली, राजानं नदीला धरण घातलंय आणि त्या धरणाच्या एकेका दगडात एकेकाचा आवाज कोंडलाय. निळानं दोन्ही काठांवरच्या बाया बोलावल्या. सगळ्या जणी हातोडे घेऊन बसल्या. रोज एक दगड फुटतो, रोज एक आवाज बाहेर पडतो, आणि तो आवाज आपली हकिगत सांगतो. कधी तो नावाड्याचा असायचा, कधी पळून आलेल्या सुनेचा, कधी चुकार गाढवाचा. बाया हसायच्या, डोळे पुसायच्या आणि दणादण खडी फोडायच्या. आठवड्याभराची गोष्ट तिनं चार महिने पुरवली.

एक दिवस तिच्या गोष्टीत एक म्हातारी आली. तिनं दगड फोडला तर आतून तिच्या गेलेल्या लेकीचा आवाज आला, “आये, मी आले. भूक लागली.”

चतुराबाईचा हातोडा थांबला. तिची गिरिजा नऊ वर्षांची असताना पटकीनं गेली होती, एका दिवसात. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, सत्यशीलालाही. तिनं ते मुद्दाम रचलं की बोलता बोलता आपोआप आलं, हे तिला पुढेही सांगता आलं नाही. चतुराबाईनं विचारलं, “हे त्या पुस्तकात हाय?”

“हाय, मावशी.”

“छापेल हाय?”

“छापेल हाय.”

चतुराबाईनं हातोडा परत उचलला. त्या दिवशी तिनं सत्यशीलाच्या ढिगावर चार घमेली टाकली.

दुष्काळ सरला, कामं बंद झाली. १९७८ साली सरकारनं प्रौढ शिक्षणाचे वर्ग काढले. गावातल्या बायांना शिकवायला सत्यशीलाला नेमलं, कारण बाई वाचते हे सगळ्या गावानं ऐकलं होतं. शाळेच्या ओसरीवर दुपारी वर्ग भरायचा. पहिलं नाव घातलं चतुराबाईनं. बाया हसल्या. या वयात पाटी-पेन्सिल कशाला, म्हणाल्या. चतुराबाई सत्यशीलाला म्हणाली, “ते पान मला माझ्या डोळ्यानं वाचायचंय. माझ्या लेकीचं.”

सत्यशीला पाट्या गोळा करायला लागली. ती म्हणाली, “मावशी, तो भाग तर हरवेल हाय.”

“हरवेल वस्तू घावत असती. तवर मी शिकून ठिवते.”

 सत्यशीला शिकवत राहिली. मनातून तिला वाटायचं, तो तिसरा भाग जन्मात सापडू नये. म्हणजे मी.

आणि मी कुठे होतो? मी त्याच गावात होतो. सर्जेरावांच्या घरात, कोनाड्यात.

त्याची गंमत अशी. १९७५ साली सर्जेरावांच्या ज्वारीत खोडकिडा पडला. सर्जेराव गावातले मोठे शेतकरी, वीस एकरांचे धनी. ते भोकरदनला गेले आणि काकासाहेबांकडे किडीचं पुस्तक मागितलं. कपाट उघडलं आणि नेमका मी हाताला लागलो. चार वर्षांनी मला उजेड दिसला. सर्जेराव मला मचाणावर घेऊन बसले, गोफण मांडीवर ठेवली, मला उघडलं आणि वाचलं, ‘म्हणून निळाने मागे वळून पाहिले नाही.’ त्यांनी चिठ्ठी पाहिली. परत वाक्य पाहिलं. वाटलं असेल, ही निळा म्हणजे किडीची एखादी जात. पुढे वाचत गेले. संध्याकाळपर्यंत पाखरांनी शेताचा अर्धा तुकडा खाल्ला, पण सर्जेरावांनी गोफण काही उचलली नाही.

खरं तर त्यांनी मला परत करून चूक सांगायला हवी होती. पण सांगायचं कसं? एवढा बाप्या माणूस राजा आणि राजपुत्राची गोष्ट वाचतो, हे गावाला कळलं तर? ते दर महिन्याला जाऊन माझी मुदत वाढवून आणायचे. काकासाहेब कौतुकानं म्हणायचे, “असा अभ्यासू शेतकरी तालुक्यात न्हाई.” हळूहळू बोभाटा झाला. लांबलांबचे लोक सर्जेरावांना किडीचं औषध विचारायला येऊ लागले. ते बिचारे गंभीर चेहरा करून म्हणायचे, “कडुलिंबाचा पाला टाका,” आणि लोक तेवढ्यावर समाधानानं जायचे. तीन वर्षांत त्यांनी मला नऊ वेळा वाचलं. वाचून झालं की पहिल्या पानावर बोट ठेवून स्वतःशीच म्हणायचे, “हिचं आधी काय झाल्तं, कुणास ठाऊक.” मित्रांनो, तेव्हा मला त्यांच्याबद्दल फार माया वाटायची. आम्हा दोघांना एकच प्रश्न पडला होता.

आणि एक दिवस काय झालं, सर्जेराव बैलगाडीतून शेताकडे निघाले होते. मी त्यांच्या पिशवीत भाकरीशेजारी. गाडी शाळेवरून जाताना ओसरीवरून चतुराबाईचा आवाज आला, एकेक अक्षर चाचपत, “नि... ळा. न... दी. द... ग... ड.” सत्यशीला बायांना त्यांच्या आवडीच्या गोष्टीतले शब्द घेऊनच शिकवायची.

सर्जेरावांनी कासरा ओढला. लाजबीज विसरून विचारलं, “ही निळा कोन्ती?”

“उलट्या नदीची,” चतुराबाई म्हणाली.

“मंग तिचा शेवट माझ्याकडं हाय,” सर्जेराव बोलून गेले.

ओसरीवर गलका झाला. आणा, दाखवा, कुठं घावला? चतुराबाई उठून उभी राहिली होती.  “उंद्या आणा,” ती म्हणाली. “उंद्या मी वाचणार.” सर्जेरावांनी मान डोलावली. सत्यशीला मात्र मागे भिंतीकडे सरकली. पिशवीच्या तोंडातून मला तिचे पाय तेवढे दिसले.

ऊन कलल्यावर ती सर्जेरावांच्या घरी आली. “दादा, पुस्तक आजच द्या. शिकवायच्या आधी एकदा नजरंखालून घालते.”

सर्जेराव म्हणाले, “देतो. पण आधी एक सांगा, बाई. हिचं सुरुवातीला काय झाल्तं? मला तीन वर्षं त्याचाच घोर हाय.”

मग सत्यशीला अंगणात बसून सांगायला लागली आणि मी श्वास रोखून ऐकलं. निळा नावाड्याची मुलगी. तिचा धाकटा भाऊ खेळता खेळता तहानला, नदीचं पाणी प्यायला आणि मुका झाला. आईनं निळाला सांगितलं, जा आणि त्याचा आवाज घेऊन ये, मागे वळून पाहिलंस तर तुझाही जाईल. म्हणून तिनं मागे वळून पाहिलं नाही. सर्जेराव मध्येच म्हणाले, “थांबा थांबा. भाऊ लहान हाय?”

“पाच वर्साचा.”

“मी इतके दिवस मिशीवाला समजून राह्यल्तो.”

खरं सांगू? मीसुद्धा. माझ्या पानांत तो नुसता ‘तिचा भाऊ’ असतो. पाच वर्षांचा म्हटल्यावर माझ्या अंगावरची सगळी वाक्यं मला निराळी वाटायला लागली. निळा एवढी का घाबरते, एवढी का धावते, ते मला त्या दिवशी कळलं.

सत्यशीलानं मला घरी नेलं. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली चूल, पलीकडे तेव्हाची झोळीतली पोर, आता सहा वर्षांची बेबीनंदा, खापरीचा खेळ मांडून उड्या मारत होती. सत्यशीला दारात उजेडाला बसली आणि तिनं मला शेवटपर्यंत वाचलं. माझा शेवट मी तुम्हांला सांगून टाकतो. निळा उगमाशी पोचते, राजपुत्र राजाला हरवतो, एका सोन्याच्या कुपीतून भावाचा आवाज परत मिळतो. निळाचं राजपुत्राशी लग्न होतं आणि उगमावर राजपुत्राचे शिपाई पहारा देतात. संपलं. दगड नाहीत. हातोडे नाहीत. म्हातारी नाही, तिची लेक नाही.

संपत बाहेरून आला, त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि सगळं विचारून घेतलं. मग म्हणाला, “एवढं काय त्यात? शेवटची पानं फाड न टाक चुलीत. उंदरानं खाल्ले म्हण.”

तिनं माझी शेवटची पानं चिमटीत धरली. चूल चार हातांवर होती. मला भीती वाटली, हे कबूल करतो. पण भीतीपेक्षा राग जास्त होता. मी छापील, मी खरा, मी लेखकाच्या हातचा. आणि या बाईनं माझ्या नावावर भलतंच सांगून ठेवलं, वर आता मलाच जाळायला निघाली. तिचा अंगठा माझ्या कागदावर घामानं ओला झाला होता. मग तिनं चिमटी सोडली.

“पुस्तकानं काय केलं?” ती म्हणाली. “खोटं म्या बोलले.”

दुसऱ्या दिवशी ओसरी भरली. सर्जेरावही लांब खांबाला टेकून उभे. सत्यशीलानं मला चतुराबाईच्या हातात दिलं, आणि तिनं मला उघडायच्या आधीच सांगून टाकलं, “मावशी, ते पान ह्यात न्हाई. दगडाचं काहीच न्हाई. म्या तिसरा भाग वाचेलच नव्हता. समदं माझ्या मनचं होतं.”

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, आम्ही हिची खडी फोडली. कोणीतरी म्हणालं, पण गोष्ट तर चांगली होती. चतुराबाई बराच वेळ माझ्या बंद कव्हरावर हात फिरवत राहिली.

“खडीचं काई न्हाई,” ती म्हणाली. “ती म्या अशीबी फोडली असती, तुझं लेकरू तान्हं होतं. पण म्या तुला दोनदा इचारलं. पुस्तकात हाय का म्हून इचारलं, छापेल हाय का म्हून इचारलं. दोन्ही बारी तू हाय म्हणलीस. सहा वर्स मी त्या पानावर बसले. ह्या बोटांनी अक्षरं गिरवले, त्या पानासाठी.”

सत्यशीला रडत होती. चतुराबाईनं मला ओसरीवर ठेवलं, पाटी माझ्यावर ठेवली आणि निघून गेली. वर्ग त्या दिवशी भरला नाही. दुसऱ्या दिवशीही चतुराबाई आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. बाकीच्या बायाही कमी झाल्या. सत्यशीला रोज ओसरी झाडायची आणि वाट पाहायची. ती दोनदा चतुराबाईच्या घरी गेली, दोन्हीदा दार लावलेलं होतं. मीही तिथेच पडून होतो, आणि माझा राग कधी गेला ते मला कळलं नाही. माझ्या शंभर पानांत एक पान असतं तर काय बिघडलं असतं, असंच सारखं वाटायचं.

पाचव्या दिवशी चतुराबाई आली. एका हातात दाभण आणि सुतळी, दुसऱ्या हातात रेघांची कोरी वही. वही तिनं सत्यशीलापुढे टाकली.

“लिही,” ती म्हणाली. “जसं सांगितल्तं तसं. तोंडचं तोंडात ऱ्हातं, मान्साबरूबर जातं. कागदावर उतरीव. मंग मी वाचते.”

सत्यशीलानं चार दिवस लिहिलं, साध्या शाईच्या पेननं, गोलगोल अक्षरात. लिहिता लिहिता बायांना विचारायची, गाढवाच्या आधी कोण होतं, नावाडी की सून? बायांना तिच्यापेक्षा चांगलं आठवत होतं. म्हातारीच्या पानाशी ती आली तेव्हा चतुराबाई शेजारी सरकली.

“काय लिहून राह्यली?”

“दगड फुटला. आतून मुलगी म्हणाली...”

“मुलगी म्हंजे कोन्ती? नाव घाल.”

सत्यशीलानं मान वर केली. चतुराबाई म्हणाली, “ती शाळंत गेली न्हाई. दाखल्यात न्हाई, कुठल्या कागदात न्हाई. तिचं नाव आजपस्तोर कुठंच लिहेल न्हाई. तू लिही.”

सत्यशीलानं लिहिलं. मग चतुराबाईनं माझी पाठ दाभणानं टोचली आणि ती बारा पानं सुतळीनं माझ्या शेवटाला शिवली. दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही. शिवून झाल्यावर तिनं मला मांडीवर घेतलं, ते पान काढलं आणि बोट ठेवून वाचायला लागली. एकेका शब्दाला घाम येत होता. बाया मध्ये मध्ये सांगायला जायच्या तर ती हातानं गप्प करायची. “द... ग... ड. दगड. फु... ट... ला. आ... तू... न.” आणि मग पुढच्या शब्दाशी येऊन ती थांबली. बोट तिथेच ठेवून तिनं तो शब्द आधी नुसता पाहिला, खूप वेळ.

“गि... रि... जा,” ती म्हणाली. आणि दुसऱ्यांदा, न अडखळता, “गिरिजा.”

सर्जेरावांनी खांबाकडे तोंड फिरवलं. मी तेव्हापासून पुष्कळ वाचणारे पाहिले, पण तसं वाचन पुन्हा ऐकलं नाही.

पुढे सर्जेराव मला घेऊन काकासाहेबांकडे गेले आणि त्यांनी चिठ्ठीची सगळी हकिगत सांगितली, मचाणासकट. काकासाहेबांनी कपाळाला हात लावला. मग त्यांची नजर सुतळीवर गेली. “वाचनालयाच्या पुस्तकात हातानं लिहिलेले पानं?” म्हणाले, आणि ती काढायला त्यांनी ब्लेड उचललं. पण काढण्याआधी वाचून पाहायची त्यांना खोड होतीच. उभ्या उभ्या बाराही पानं वाचली. ब्लेड खाली ठेवलं. शिक्क्याची पेटी उघडली आणि बाराही पानांवर एकेक शिक्का मारला, आणि खालच्या कोपऱ्यात नंबर घातले, तीनशे एक ते तीनशे बारा.

आता मी म्हातारा झालोय. पुठ्ठा मऊ पडलाय, सुतळी अजून घट्ट आहे. भोकरदनला आलात तर मला मागून घ्या, मित्रांनो. भाकरी खात वाचलंत तरी चालेल, मचाणावर नेलंत तरी माझी तक्रार नाही. फक्त तीनशे सातव्या पानाशी आलात की पान उलटायला बोटाला थुंकी लावू नका. शाई साधी आहे, नाव पुसून जाईल.